'झेडपीत गणित कच्चं राहील का?'

मी समुपदेशक. जून जवळ आला की हा प्रश्न दर आठवड्याला माझ्यासमोर येतो. मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत असतं, भावाचं किंवा शेजाऱ्याचं मूल इंग्रजी माध्यमात, आणि दोघांची तुलना जेवणाच्या ताटावरही थांबत नाही. यंदा आलेल्या एका वडिलांची गोष्ट सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी झेडपीत तिसरीत. "सर, माझ्या पुतण्याला वीसपर्यंत पाढे घडाघडा येतात. ही अजून बोटं मोजते. कर्ज काढीन, पण हिला तिकडेच घालतो."

"पुढच्या वेळी दोघांनाही घेऊन या," एवढंच मी म्हणालो.

दोघांना एकच उदाहरण दिलं : 52 − 27. पुतण्यानं दहा सेकंदांत 35 लिहिलं. मुलीनं पाच दांडे आणि दोन ठिपके काढले, एक दांडा खोडून दहा ठिपके केले, सत्तावीस काढून टाकले आणि 25 लिहिलं. तीन मिनिटं लागली. वडील सारखे घड्याळ बघत होते.

35 हे उत्तर निष्काळजीपणाचं नसतं. "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले," पुतण्यानं शांतपणे सांगितलं. मुलाच्या चुकीला त्याचं स्वतःचं तर्कशास्त्र असतं. ते ऐकून न घेता लाल फुली मारली, तर तीच चूक पाचवीपर्यंत सोबत येते.

मी त्याच्यापुढे दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी ठेवली. "मी दुकानदार. सत्तावीस रुपये दे." त्यानं दोन नोटा दिल्या, दोन नाणी दिली आणि थांबला.

"अजून पाच राहिले."

"सुट्टे नाहीत, सर."

"मग आता?"

"मोड आणावी लागेल."

मी एक नोट घेऊन दहा नाणी दिली. त्यानं पाच मोजून माझ्या हातावर ठेवली, उरलेले पैसे मोजले. पंचवीस. वही मी काहीच न बोलता त्याच्याकडे सरकवली. तो बराच वेळ 52 कडे बघत राहिला. मग पाचावर काट मारून वर 4 लिहिलं, दोनाशेजारी बारीक 1 काढला. "इथे मोड आणायची राहिली," तो म्हणाला. 'हातचा' हा शब्द त्यानं वर्षभर ऐकला होता. त्याचा अर्थ त्याला त्या क्षणी सापडला. अशा क्षणी समुपदेशकानं गप्प राहायचं असतं, हे मला पक्कं पटलं आहे.

मग एक शाब्दिक उदाहरण. एकीकडे 14 पेन्सिली, दुसऱ्याकडे 9, 'हाऊ मेनी मोअर?' त्यानं 23 लिहिलं; 'मोअर' आलं की बेरीज, असं त्याच्या मनात बसलेलं. तोच प्रश्न मराठीत 'कितीनं जास्त?' असा विचारताच उत्तर आलं, पाच. वडील हळूच म्हणाले, "म्हणजे गणित येतंय, प्रश्नच पोचत नाही."

आता दुसरी बाजू. मुलीला 7 × 8 विचारलं, तर ती सात हा अंक आठ वेळा मिळवत गेली आणि चुकून 54 वर पोचली. तिची समज पक्की, पण सराव तोकडा. दोनशिक्षकी शाळेत एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो, त्यात निवडणुकीची कामं. रोजचा सराव तिथेच निसटतो. अंकांच्या नावांची अडचणही खरी आहे. 'बावन्न' ऐकलं की आधी दोन ऐकू येतो आणि मूल 25 लिहितं. 'फिफ्टी टू'मध्ये ही उलटापालट नाही. बालभारतीनं 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास दोन' असं वाचन आणलं ते याचसाठी. टीका फार झाली, पण मला तो विचार योग्य वाटतो.

शाळा बदलली की गणित आपोआप सुधारतं का? आंध्र प्रदेशात 2008 पासून 180 गावांत सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेसाठी शिष्यवृत्ती दिली गेली. चार वर्षांनी पाहिलं तर तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच होती. हिंदीत मात्र खासगी शाळेतली पुढे. त्या शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळांपेक्षा बराच कमी होता, हेही खरं. म्हणून कोणत्याच शाळेला नावं ठेवू नका. आपल्या मुलाचं घोडं नेमकं कुठे अडतंय ते बघा.

घरी करायला दोघांना वेगवेगळं दिलं. पुतण्याला रोज पंधरा मिनिटं दुकान-दुकान : दहाच्या नऊ नोटा, वीस नाणी आणि प्रत्येक वेळी मोड आणावीच लागेल अशी रक्कम. नोटा-नाण्यांनी केलेलं लगेच वहीत मांडायचं. हे राहिलं तर खेळ खेळच राहतो. शाब्दिक उदाहरण आधी मराठीत सांगायचं, मग इंग्रजीत सोडवायचं. मुलीला पूर्ण पाढा घोकायला नाही दिला. रोज पाचच गुणाकार, तेही माहीत असलेल्यावरून : आठ पंचे चाळीस, आठ दुणे सोळा, मिळून छप्पन्न. पाचांपैकी चार न अडखळता आले की नवे पाच.

वर्गशिक्षकांना भेटताना 'हुशार आहे का?' विचारू नका. वही उघडून मुलाची एक चुकलेली वजाबाकी दाखवा आणि 'हे उत्तर कसं आलं असेल?' असं विचारा. त्यावर दोन मिनिटं विचार करणारे शिक्षक ज्या शाळेत असतील, तिथे मूल ठेवा. फी किती, हा नंतरचा प्रश्न.

सात आठवड्यांनी वडील परत आले. कर्जाचा अर्ज भरला नव्हता. मुलीला सातचा पाढा मधूनच कुठूनही विचारला तरी येत होता, आठचा अजून अडखळत होता. संध्याकाळी दोघं मुलं ओट्यावर दुकान मांडतात आणि मोड देण्याचं काम मुलीकडे आहे.