जोई डनलॉप हा मोटरसायकल रेसर एवढा मोठा का मानला जातो?

नुसते आकडे पाहिले तरी उत्तर मिळतं. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन बेटावर होणाऱ्या टीटी या मोटरसायकल शर्यतींमध्ये 26 विजय, आणि 1982 ते 1986 सलग पाच वेळा टीटी फॉर्म्युला वन या मोटरसायकल स्पर्धेचा जगज्जेता. टीटी बंदिस्त ट्रॅकवर होत नाही. सुमारे 60 किलोमीटरचा रोजच्या वापरातला रस्ता, दोनशेच्या वर वळणं, कडेला दगडी भिंती आणि घरं. तिथे चुकीला माफी नाही. जून 2000 मध्ये, वयाच्या 48व्या वर्षी, त्याने एकाच आठवड्यात तीन शर्यती मारल्या. मला तर हीच त्याची सगळ्यात मोठी कामगिरी वाटते.

पण लोकांनी त्याला जीव लावला तो वेगळ्या कारणाने. उत्तर आयर्लंडच्या बॅलीमनीचा हा अबोल माणूस. स्वतःची व्हॅन अन्नाने, कपड्यांनी भरायचा आणि स्वतःच चालवत रोमानिया, बोस्नियापर्यंत अनाथ मुलांसाठी घेऊन जायचा. 1996 मध्ये याच कामासाठी त्याला ओबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला.

2 जुलै 2000 रोजी एस्टोनियातल्या टॅलिनमध्ये, पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर, 125 सीसीच्या शर्यतीत अपघात होऊन तो गेला. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले होते.

त्याचा 26 विजयांचा विक्रम 2024 मध्ये मोडला, तोही त्याच्याच पुतण्याने, मायकल डनलॉपने. मायकलचे वडील रॉबर्ट आणि भाऊ विल्यम, दोघांचाही जीव रोड रेसिंगमध्येच, म्हणजे अशाच रस्त्यांवरच्या शर्यतींत गेला होता.