न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाच्या आजवरच्या थोर खेळाडूंत डेरेक जीटर कितवा?

माझ्या मते सहावा. २०१४ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा प्रेमापोटी अनेकांनी त्याला थेट बेब रूथच्या शेजारी नेऊन बसवलं. ते काही पटत नाही. रूथ, गेरिग, डिमॅजिओ, मँटल ही चौकडी हलणं अवघड. पाचवा योगी बेरा: दहा वर्ल्ड सिरीज (हंगामाचं विजेतेपद ठरवणारी मालिका) जिंकलेला कॅचर, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणारा, वर तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. जीटरला हा किताब एकदाही मिळाला नाही. क्षेत्ररक्षणातही, गोल्ड ग्लव्ह हा उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार पाचदा मिळूनसुद्धा, त्याचा आवाका कमी पडायचा असं आकडेवारीवाले सांगतात, आणि मला ते पटतं.

पण ३,४६५ हिट्स, म्हणजे फलंदाजाला बेसवर पोचवणारे फटके! यांकीजसाठी ३,००० चा टप्पा दुसऱ्या कुणालाही गाठता आलेला नाही. वीस हंगाम एकाच संघाकडून, पाच विजेतेपदं. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामनाही त्यानेच संपवला: २५ सप्टेंबर २०१४, बाल्टिमोरविरुद्ध, नवव्या म्हणजे शेवटच्या डावात पहिल्याच चेंडूवर उजवीकडे फटका, आणि विजयी धाव. पटकथाकारानेही इतकं लिहायचं धाडस केलं नसतं.

यांकीजचा गोलंदाज मारियानो रिवेरा याला कुणी जीटरच्या वर ठेवलं, तर मात्र मी वाद घालणार नाही.