इंदूरजवळच्या राऊकडे वस्ती वाढतेय, टोलरस्ता पुढे वाढवायची चर्चा आहे. नाका आमच्याच दारात येईल का? हरकत कशी घ्यायची?

आधी रस्ता कोणाचा ते बघा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर 2008 चे शुल्क नियम लागतात; राज्याच्या रस्त्याचं गणित वेगळं.

नियम 8 प्रमाणे नाका नगरपालिका हद्दीपासून 10 किमीच्या पलीकडे हवा. लेखी कारण देऊन तो 5 किमीपर्यंत आत आणता येतो. रस्ता मुख्यतः त्या हद्दीतल्या रहिवाशांसाठीच असेल तर हद्दीतसुद्धा, आणि वाद इथेच पेटतो.

नाक्यापासून 20 किमीच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाडीला मासिक पास मिळतो (2025-26 साठी 350 रुपये). टॅक्सी पासिंगला नाही. पण मेख अशी की सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता असेल तर नियमाने हा पास मिळत नाही. सभेत लोक एका दमात दोन्ही मागतात! माझ्या मते सर्व्हिस रोडच मागावा. दुचाकीला टोल नसला तरी ट्रकांच्या मधून पोरांना शाळेत कोण पाठवणार?

जमीन जात असेल तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या 3ए अधिसूचनेपासून (जमीन घ्यायचा इरादा सांगणारी सरकारी सूचना) 21 दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे (बहुधा एसडीएम, म्हणजे उपविभागीय अधिकारी) लेखी हरकत द्या. सूचना राजपत्रात आणि दोन स्थानिक पेपरांत येते, म्हणजे इंदूरात हिंदी पेपर चाळत राहा. नुसतं ‘रस्ता नको’ लिहिलं की अर्ज फेटाळलाच समजा. खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर), बाधित क्षेत्र आणि नेमकं कारण लिहा, पोच घ्या. नाक्याची जागा 10 रुपयांच्या आरटीआय अर्जात विचारा. उत्तराची मुदत 30 दिवस, म्हणून तो आजच टाका.