ऑड्री हेपबर्न : पडद्यानंतरचं काम

प्रश्न : हॉलिवूडच्या अभिनेत्री ऑड्री हेपबर्न युनिसेफच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मुलांसाठीच्या संस्थेच्या, सदिच्छादूत झाल्या, म्हणजे नेमकं काय केलं?

उत्तर : नुसतं नाव दिलं नाही. १९८८ मध्ये इथिओपियातल्या दुष्काळी भागात त्या गेल्या आणि परतल्यावर मुलाखतींमागून मुलाखती दिल्या. कॅमेरे वळले की निधी येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये त्यांनी स्वतः उपासमार सोसली होती.

त्या काळी युनिसेफचा भर लसीकरणावर आणि जलसंजीवनीवर होता. जुलाबात पाणी आणि क्षार गेल्याने मूल दगावतं. म्हणून जलसंजीवनी : १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढलं तर अपायच! हेपबर्न यांचा सोमालियाचा दौरा सप्टेंबर १९९२ चा. २० जानेवारी १९९३ ला त्यांचं निधन झालं.