१४५३, मिरी आणि गामा: तुमचे प्रश्न

परीक्षा जवळ आल्या की मेसेजमध्ये तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं देतेय.

पृथ्वी सपाट वाटायची म्हणून कोलंबसला विरोध झाला का?
नाही. पृथ्वी गोल आहे हे शिकलेल्यांना माहीत होतं, वाद ती केवढी यावर होता आणि त्यात कोलंबस चुकला.

मसाले सडलेलं मांस खपवायला लागायचे ना?
ज्याला मिरी परवडायची त्याला ताजं मांस परवडत नव्हतं होय?

ताई, १४५३ ला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) घेतलं, रस्ते बंद झाले म्हणून युरोपीयांनी हिंदुस्थानचा नवा मार्ग शोधला. नोट्समध्ये एवढंच आहे, पुरेल का?
नाही पुरत! या एका ओळीने किती पिढ्या वाया घालवल्या आणि क्लासवाले दरवर्षी कव्हर बदलून तीच विकतात. जरा सनावळ्या लावून बघा की. पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतलं सेउटा घेतलं १४१५ ला, त्यांच्या जिल इयानिशने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बोजादोर भूशिर ओलांडलं १४३४ ला, आफ्रिकेतून पकडलेली माणसं पोर्तुगालमधल्या लागुशला आणून विकली १४४४ ला, म्हणजे सगळं १४५३ च्या आधीचं. त्यांना हवं होतं सहारापलीकडचं सोनं, गुलाम, मुसलमान सत्तांविरुद्ध धर्मयुद्ध, आणि प्रेस्टर जॉन नावाचा ख्रिस्ती राजा कुठेतरी आहे तो साथीला मिळेल ही आशा. मिरीसाठी हिंदुस्थान गाठायचं हे नंतर पक्कं झालं, त्यांचा दियश आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आला तेच १४८८ ला. आणि मलबारची मिरी मुख्यतः तांबड्या समुद्रातून इजिप्तला आणि तिथून व्हेनिसला जायची, कॉन्स्टँटिनोपलवरून नाही. इजिप्त तेव्हा मामलुक सुलतानांचं, तुर्कांनी ते घेतलं १५१७ ला, तोवर गोवा पोर्तुगीजांकडे जाऊन सात वर्षं झाली होती! १४५३ चा काहीच परिणाम नाही असं नाही, काळ्या समुद्रातला व्यापार आवळला गेला तसे इटलीतल्या जिनोआचे व्यापारी जास्त पश्चिमेकडे वळले, पण ते अनेक कारणांपैकी एक. मार्कांचं मात्र तुमच्या सरांना विचारा, मॉडेल आन्सर काय धरतात ते मी इथून सांगू शकत नाही.

वास्को द गामाला हिंदुस्थानचा रस्ता गुजराती माणसाने दाखवला हे खरं का?
पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीला वाटाड्या मिळाला हे नक्की, त्याच्यामुळेच २३ दिवसांत मलबार दिसला. परतताना मोसमी वाऱ्यांसाठी न थांबता कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाला तर तेवढ्याच समुद्राला जवळजवळ तीन महिने लागले आणि स्कर्वीने (ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणारा रोग) माणसं पटापट मेली. वाटाड्याच्या नावागावाबद्दल जाणकारांचं एकमत नाही, तो गुजराती होता असा फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी एखाद्या अभ्यासकाला दाखवा.

ऑनलाइन एक जण गामाच्या काळातला ओरिजिनल नकाशा ८,००० ला देतोय, घेऊ?
अजिबात नको. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागदही पिवळा दिसतो. आधी म्युझियममधल्या माणसाला दाखवू दे म्हणावं, बघा तो तयार होतो का.

आजोळी पोर्तुगीज भाषेतले जुने कागद सापडलेत, लॅमिनेट करू का?
नको!! चिकटपट्टीही नको. फोटो काढा, कोरड्या जागी सपाट ठेवा आणि पणजीच्या पुराभिलेख खात्यात विचारा, पण दिवाळीनंतर बघू म्हणू नका, पावसाळ्याच्या आत न्या, वाळवी थांबत नाही.