प्रमाणपत्र अभ्यासक्रमाचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी

नाशिकमध्ये द्राक्ष-प्रक्रियेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढण्याची तुमची कल्पना मला मनापासून आवडली. मात्र जाहिरातीची घाई करू नका. आपले महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असल्याने आपल्याला २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा लागू आहे, आणि पदवी नसली तरी प्रमाणपत्रावर विद्यापीठाचे नाव येणार असेल, तर अभ्यास मंडळ, विद्याशाखा आणि विद्या परिषद या विद्यापीठाच्या मंडळांकडून मंजुरी घेण्याची वाट टाळता येत नाही. (यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा १९८९ चा कायदा स्वतंत्र आहे, तिथला नमुना उतरवू नका.) प्रस्तावाची खरी कसोटी मूल्यमापनात लागते: परीक्षा कोण घेणार, गुणपत्रकावर सही कोणाची, एका श्रेयांकामागे (क्रेडिटमागे) तासिका किती, हे पहिल्याच पानावर लिहा, कारण नोकरीच्या मुलाखतीत ते प्रमाणपत्र पुढे करणाऱ्या विद्यार्थ्याला नेमके हेच विचारले जाते. शुल्काचा तक्ता शेवटी जोडला तरी चालेल.