सूत्र नंतर, आधी कात्री

वर्तुळाचं क्षेत्रफळ पहिल्यांदाच शिकवताय, तर 'पाय आर वर्ग' लगेच फळ्यावर लिहू नका. कागदावर 7 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढायला लावा. अर्धं लाल, अर्धं निळं. घड्या घालून 16 समान पाकळ्या कापा. लाल पाकळीचं टोक वर, निळीचं खाली, अशा शेजारी चिकटवा. 8 वर थांबू नका, कडा फार वाकडी दिसते आणि मुलांना आयत पटत नाही. 32 केल्या तर उत्तमच!

आता लांबी विचारा. खालची कड फक्त लाल, म्हणजे निम्मा परीघ, सुमारे 22 सेंमी. उंची त्रिज्येएवढी, 7. गुणाकार 154 चौसेंमी. आर्यभटानेही इ.स. 499 मध्ये हेच सांगितलं: अर्धा परीघ गुणिले अर्धा व्यास. 'निम्माच का?' याचं उत्तर मात्र तुम्ही देऊ नका, रंग बघून मुलांनाच सांगू द्या.